‘दोन वाट्या चव’ आणि ‘या खेपेला हसले’: आजीची वही कशी वाचायची

अरे, तुझा प्रश्न वाचून आधी खूप हसले आणि मग वाटलं, बरोबरच आहे, कुणी सांगितलंच नसेल तर कळणार कसं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, आजीच्या हातची रेसिपीची वही त्याच्याकडे आलीये, घरात एक इंडक्शन, एक नॉनस्टिक कढई आणि मिक्सर, आणि वहीतले निम्मे शब्द डोक्यावरून जातायत. मोहन, आधण, वैरणे, आसट, गोळीबंद, कळकणे, रोळी, तिरफळ अशी यादीच दिलीये त्याने. शिवाय दोन कोडी आहेत, नारळाच्या वड्यांना ‘दोन वाट्या चव’ म्हणजे काय घालायचं, आणि अनारशांच्या पानावर कडेला पेन्सिलीने ‘या खेपेला हसले’ लिहिलंय तर कोण हसलं. आणि तक्रार अशी की आजीने किती मिनिटं ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी पुण्यात २६ वर्षं डबे देते आणि दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, तेव्हा शेवटच्या तक्रारीपासूनच सुरू करते. आजीने मिनिटं लिहिली नाहीत कारण चूल, स्टोव्ह, गॅस, प्रत्येकाची आच वेगळी, त्यात मिनिटं लिहून उपयोग काय. तिने पदार्थ कुठे पोचला की थांबायचं ते लिहिलंय, आणि ते या शब्दांमध्येच आहे. ‘बोटचेपा’ हा शब्द म्हणजे वेळच आहे, फक्त घड्याळात नाही, बोटात बघायची.

आता चव. हा ‘तो चव’ आहे, ‘ती चव’ नाही. ओला नारळ खवला की जो पांढरा कीस पडतो त्याला नारळाचा चव म्हणतात, म्हणून दोन वाट्या चव म्हणजे दोन वाट्या खवलेला ओला नारळ. सुकं खोबरं नाही, ते वेगळं, ते किसतात. नारळ खवतात, खोबरं किसतात, भाजी चिरतात, कोथिंबीर निवडतात, मेथी खुडतात, हे शब्द उगाच वेगळे नाहीत, प्रत्येकात हात वेगळा चालतो. वड्यांसाठी खवताना फक्त पांढरं घ्यायचं, करवंटीजवळची तपकिरी पाठ आली की वडी मळकट दिसते. खवणी विळीच्या टोकाला असते, ती दातेरी चकती. तुझ्याकडे विळी नसणारच, तर नारळाचे तुकडे काढून पाठ सोल आणि मिक्सरला थांबत थांबत फिरव, सलग फिरवलंस तर तेल सुटून लगदा होतो.

फोडणीबद्दल तू विचारलं नाहीस, तुला वाटतं ती येते. नव्वद टक्के लोकांना येत नाही असं माझं मत आहे. तेल तापलं की मोहरीचा एकच दाणा टाकून बघायचा, तो लगेच वर येऊन तडकला तर बाकीची मोहरी घालायची, नुसता तळाशी बसून राहिला तर थांबायचं. मग तडतड सुरू होते, दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुटतो तो आवाज, आणि हा आवाज कमी व्हायला लागला की जिरं, ते लालसर झालं की हिंग, मग कढीपत्ता मिरची, आणि हळद सगळ्यात शेवटी कारण ती क्षणात करपते. तिखट घालायचं असेल तर गॅस बंद करून. बहुतेक जण घाई करून न तडकलेल्या मोहरीवरच सगळं ओततात आणि मग आमटी कडवट लागली की मसाल्याला नावं ठेवतात. इंडक्शनवर एक काळजी घे, बुडाशी एकदम तापतं, तेव्हा मीडियमवरच ठेव आणि कढई उचलून हातात धरायला शीक.

याच मोहरीचं दुसरं टोक म्हणजे ‘मोहरी फेसणे’, ते पण असेल वहीत लोणच्याच्या पानावर. मोहरी थोड्या थंड पाण्यात वाटायची आणि चमच्याने भरपूर घोटायची, फेस येतो आणि वास सरळ नाकातून मेंदूत जातो. दाणा फुटून पाणी लागलं की मगच तो झणका तयार होतो, गरम तेलात त्याची शक्यताच मरते, म्हणून फोडणीतली मोहरी कधी नाकात जात नाही. एकच डबा, पण फेसायची का तडकवायची त्यावर सगळं ठरतं.

हिंगाचं पण सांगते. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधणी हिंग, म्हणजे मूळ हिंगाच्या चिकात पीठ आणि डिंक मिसळलेला, म्हणून गहू चालत नसेल त्याने डबीवर वाचून घ्यावं. खडा हिंग फार तेज, तांदळाएवढा कण पुरतो. आपण इतका हिंग खातो पण तो पिढ्यान् पिढ्या अफगाणिस्तान, इराणकडून येत राहिला, आपल्याकडे हिमाचलमधल्या लाहौलला त्याची रोपं लावली ती पार २०२० साली.

आधण म्हणजे उकळतं पाणी, पण नुसतं उकळतं नाही, काहीतरी शिजवायला म्हणून ठेवलेलं उकळतं पाणी. चहाचं आधण, भाताचं आधण, उकडीचं आधण. आणि त्यात तांदूळ किंवा डाळ सोडणं म्हणजे वैरणे. हाच शब्द पिठल्याला पण येतो, ‘पीठ वैरावे’, तिथे एका हाताने चिमटीतून पीठ भुरभुरत सोडायचं आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ओतणे आणि वैरणे यात हाच फरक, वैरताना हात वर असतो आणि धार बारीक असते.

भात किती शिजवायचा त्याला आपल्याकडे एवढे शब्द आहेत की बाकी भाषावाल्यांना हेवा वाटावा. दाणा बोटात दाबला आणि मधे कडक ठिपका लागला तर ‘कणी आहे’, शिजला नाही. दाबला की चेपतो पण आकार राहतो तो बोटचेपा, मसालेभाताचा तांदूळ इथे झाकायचा आणि आच बारीक करायची. शीत न् शीत सुटं तो मोकळा भात, त्याहून कोरडा तो फडफडीत, वरणाबरोबर चांगला लागत नाही हे माझं मत. आसट म्हणजे मऊ आणि ओलसर, शितं एकमेकांना धरून, आंबेमोहराचा किंवा इंद्रायणीचा असाच होतो आणि तसाच हवा, तिथे मोकळा करायचा हट्ट धरू नको. आणि गुरगुट्या भात म्हणजे पार घोटलेला, तान्ह्या पोरांना आणि तापातून उठलेल्याला, वर मेतकूट तूप. वहीत मेतकूट असेलच, भाजलेल्या डाळी आणि मसाल्याची पूड आहे ती.

‘दोन वाफा काढाव्यात’ याला प्रेशर कुकर लागत नाही. कढईवर झाकण ठेवायचं, आतून भरपूर वाफ धरली की उघडून हलवायचं, परत झाकायचं, अशा दोन वेळा. वाफेवरच्या भाजीला पाणी घालत नाहीत, झाकणावर पाणी ठेवतात, खोलगट ताटली पालथी न घालता सरळ ठेवायची आणि त्यात वाटीभर पाणी. झाकण थंड राहतं म्हणून आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत भाजीतच पडते, भाजी आपल्याच पाण्यात शिजते आणि लागत नाही. आणि कधी पाणी घालायची वेळ आलीच तर ते वरचं गरम झालेलं पाणी हाताशी असतं. मी हे शिकवते तेव्हा पोरींना वाटतं जुनी सवय आहे काहीतरी, एकदा फरसबी करून बघ म्हणजे कळेल. तुझं नॉनस्टिकचं काचेचं घुमटाकार झाकण असेल तर पाणी राहणार नाही, स्टीलची ताटली घे.

आता मोहन. पिठात घालायचं गरम तेल किंवा तूप म्हणजे मोहन, पीठ खुसखुशीत व्हावं म्हणून. स्निग्धपणा पिठाच्या कणांना वेढतो, मग पाणी लागून चिवटपणा यायला तेवढी जागा राहत नाही. ‘कडकडीत मोहन’ लिहिलं असेल तर खरंच कडकडीत, पिठावर ओतलं की चुर्र झालं पाहिजे. मग ते चमच्याने आणि नंतर हाताने सगळीकडे चोळायचं, मूठ वळून बघायची, शंकरपाळ्याच्या किंवा करंजीच्या पिठाची मूठ वळली आणि टिकली तर मोहन पुरेसं. चकलीला एवढं नाही, तिथे मूठ वळायला लागली तर जास्त झालं समज. कमी पडलं तर चकली दगड, जास्त झालं तर तेलात सुटते.

माझी पहिली ऑर्डर यातच बुडाली. आईच्या वहीत चकलीच्या भाजणीला ‘किलोला दोन पळ्या मोहन’ होतं, मी नवी घेतलेली मोठी पळी भरून घातलं, आणि पहिला घाणा सोडला तर चकल्या कढईत फेर धरून वेगळ्या झाल्या, नुसते काटे काटे तरंगतायत. पाच किलो भाजणी. रात्री माहेरी जाऊन आईची पळी आणली आणि पाणी भरून मोजलं तर माझ्या पळीत तिच्या दुप्पट मावत होतं. तेव्हा तू पहिलं काम हे कर, आजीच्या घरी अजून तिची वाटी आणि पळी असेल तर मागवून घे, नाहीतर तिथे कुणाला तरी सांग की वाटी काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचं वजन करा. जेवढे ग्रॅम तेवढे एमएल. घरोघरच्या वाट्या १५० पासून २०० पर्यंत असतात, आणि तू दुकानातला मेजरिंग कप घेतलास तर तो २४०-२५०चा, म्हणजे ‘एक वाटी साखर’ची दीड वाटी होणार. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण सांभाळलं जातं, घोळ होतो तो वाटी आणि पळी एकत्र आली की. वहीत जुन्या पानांवर चिपटं, मापटं, शेर, पायली असेल तर ती वजनं नाहीत, मापं आहेत, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीच्या लाडवांचं पान उघडून चार दिवसांची रजा टाकू नको, आठाने सोळाने भाग.

पाक हा सगळ्यांना घाबरवतो. साखर भिजून वर थोडं येईल इतकं पाणी, उकळी आली की थेंब बशीत काढायचा, जरा निवू द्यायचा आणि अंगठा आणि बोटात घेऊन हळू उघडायचं. एक बारीक तार ताणली गेली आणि तुटली नाही तर एकतारी, थर्मामीटर असेल तर १०५ अंशांच्या आसपास. दोन तारा दिसल्या तर दोनतारी. गोळीबंद म्हणजे थेंब थंड पाण्यात टाकला की विरघळत नाही, बोटाने गोळी वळता येते, साधारण ११५. आणि गुळाच्या वडीला किंवा चिक्कीला अजून पुढे, ती गोळी ताटलीवर टाकली की टण्ण वाजली पाहिजे. एकतारीपर्यंत जायला वेळ लागतो पण तिथून पुढे दोनतारी कधी होते कळत नाही, म्हणून तार बघताना गॅस बंद ठेव, हे मी अजूनही करते. पुढे गेलाच तर दोन चमचे पाणी घालून परत उकळी आण, काही बिघडत नाही. लिंबाचे चार थेंब घातले की पाक लवकर साखरत नाही.

रव्याचा लाडू पाकात घातल्यावर पातळ दिसतो, अगदी खिरीसारखा, तिथे वहीत लिहिलं असेल ‘मुरत ठेवावे’. म्हणजे झाकून ठेव, मधून मधून हलव, रवा पाक पिऊन फुगतो आणि तीन-चार तासांनी आपोआप वळण्यासारखं होतं. घाबरून अजून रवा घातलास तर उद्या लाडू फोडायला बत्ता लागेल. उलट पाक कच्चा राहिला तर वळलेला लाडू ताटात पसरट होतो, त्याला ‘लाडू बसला’ म्हणतात.

बेसन भाजताना आजीने ‘हलके होईपर्यंत’ लिहिलंय ना, ते रंगाचं नाही, हाताचं आहे. सुरुवातीला तुपातलं बेसन जड, चिखलासारखं, हात दुखतो. मग अर्ध्या पाऊण तासाने अचानक उलथणं सरसर फिरायला लागतं, कडेने तूप सुटतं, वास स्वयंपाकघराच्या बाहेर जातो. तिथे दुधाचा हबका मारायचा. हबका म्हणजे हाताने एकदम शिंपडलेलं पाणी किंवा दूध, बेसन फसफसून वर येतं आणि रवाळ होतं. अंग जरा लांब ठेवून मार.

छोटे छोटे शब्द भराभर सांगते. आळणे म्हणजे रस दाट होणे, ‘आमटी आळली’ तर पाणी घालून सारखी करायची. अळणी म्हणजे बिनमिठाचं. एका काना-मात्रेत जेवण बदलतं. निरसं दूध म्हणजे न तापवलेलं. कूट म्हणजे भाजलेल्या दाण्यांचं, भरड म्हणजे जाडसर दळलेलं, वाटण म्हणजे पाणी घालून वाटलेला मसाला. कोळ म्हणजे चिंच भिजवून पिळून गाळलेला दाट रस. कट म्हणजे पुरणाची डाळ शिजवून वरचं काढलेलं पाणी, ते फेकून दिलंस तर कटाची आमटी कशाची करणार. तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी, साखर घालून खा आणि कुणाला सांगू नको.

मसाल्यात आधी आजी कुठली ते बघ. ‘काळा मसाला’ म्हणजे पुण्याच्या बऱ्याच घरांत गोडा मसालाच, धणे, खोबरं, तीळ, दगडफूल वगैरे भाजून, आणि गोडा म्हणजे गोड नाही, फक्त जहाल नाही. मराठवाड्याकडचा काळा मसाला तिखट असतो, आणि कोल्हापूरकडची असेल तर कांदा-लसूण मसाला. तू सांगितलेलं गाव रत्नागिरीकडचं, त्यात तिरफळ आलं, म्हणजे बांगड्याचं किंवा डाळीचं काहीतरी असणार. तिरफळाची सालंच वापरायची, आतलं काळं बी काढून टाकायचं, जरा ठेचून रश्शात सोडायचं, चावायचं नाही. जीभ हलकी बधिर होते. तू विचारलंस तशी सिचुआन मिरी त्याची नातेवाईक आहे खरी, पण घालू नको, वास वेगळा. नसेल तर नसू दे. दगडफूल ही काही फुलं नाहीत, दगडांवर नि झाडांवर वाढणारी पापुद्र्यासारखी गोष्ट, बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून झालेली, नुसती हुंगलीस तर मातकट वाटते, गरम तेलात पडली की गोड्या मसाल्याचा तो ओळखीचा वास येतो. आमसूल म्हणजे कोकमाची साल, त्याच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा भिजवून वाळवलेली. ओलसर, काळपट असेल ते चांगलं.

भांड्यांमध्ये तुला फार काही घ्यायला नको. रोळी म्हणजे पूर्वी वेताची, धुतलेले तांदूळ निथळायला, तुझी स्टीलची भोकांची चाळणी चालेल. झारा भोकांचा, तळणाला. उलथणं सपाट, परतायला. डाव आमटी भाजी वाढायला, ओगराळं त्याहून खोल. पळी फोडणीची असेल तर लोखंडी, लांब दांड्याची. सोऱ्या, म्हणजे चकली पाडायचा साचा, मात्र विकत घे, पितळी, फिरवायचा, दाबायचे प्लास्टिकचे घेऊ नकोस, चकलीच्या घट्ट पिठाला ते मोडतात. बिडाचा तवा म्हणजे ओतीव लोखंडाचा, घावनाला त्याच्यासारखं काही नाही आणि तुझ्या इंडक्शनवर चालतो, फक्त साबण लावून घासू नको आणि हळूहळू तापव.

‘कल्हईच्या पातेल्यात करावे, नाहीतर कळकेल’ हे तू मुद्दाम उतरवून पाठवलंस. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देतात ती कल्हई, भांडं तापवून नवसागर टाकून कथील पुसत नेतात, एक विशिष्ट धूर आणि वास असतो त्याचा, आमच्या वाड्यात कल्हईवाला आला की आम्ही सगळी पोरं भोवती बसायचो. तो थर गेला आणि त्यात ताक, चिंच, आमसुलाचं सार ठेवलं तर धातूचा घाण स्वाद उतरतो, हिरवट दिसतं, ते कळकलं. स्टीलमध्ये करतोयस तर तो सगळा परिच्छेद सोडून दे.

राहिले अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत ओलसर वाळवून कुटायचे, गूळ किंवा साखर मिसळून पीठ काही दिवस मुरवायचं. मग खसखशीवर थापून, खसखस वरच्या बाजूला ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं, जाळी पडते. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिलं की अनारसा तुपात पडल्या पडल्या पसरतो आणि चुरा होऊन विखुरतो. त्याला म्हणतात अनारसा हसला. म्हणजे त्या वर्षी आजीचा घाणा बिघडला होता आणि तिने तो इमानाने कडेला लिहून ठेवला. तुझे हसले तर उरलेल्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळ, एकच करून बघ, आणि कढईत पसरलेलं सगळं झाऱ्याने निथळून काढ, गार झाल्यावर दुधात घालून खा. आमच्याकडे पोरं तेवढ्यासाठीच हसायची वाट बघतात.